तेवढा हात माझा

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या घरामध्ये मेंदीचं कुंपण आहे. 2019 च्या महापुरात ते मुळासकट गेलं, पुन्हा लावलं. 2021 ला अर्धं गेलं, तेही लावलं. त्यात मधोमध एक भगदाड आहे, ते मात्र दर वेळी आपोआप जुन्याच जागी पडतं. वाटी जाईल, तांब्या जाईल आणि तशीच वेळ आली तर वहिनींचं अख्खं डोकं अलीकडे येईल, एवढं.

"अहो बाई, ऐकलासा काय?"

नरसोबाच्या वाडीत दिवस काकड आरतीनं उजाडतो, आमचा या वाक्यानं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून मी सगळ्या गल्लीची 'बाई'.

"पोरगं आलंय मुंबईस्नं. दाढी वाढवून."

"सुट्टीला?"

"तेच मी इचारलो. तर म्हणतंय, शूटिंगला."

वहिनी 'मी इचारलो' म्हणतात. कोल्हापूरकडच्या आम्ही बायका 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतो. मुंबईच्या ॲक्टिंगच्या क्लासात वहिनींच्या पोरानं आईची नक्कल करून दाखवली, तेव्हा सगळे हसले म्हणे. शिकवणारे सर तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "हे जप. बाकीचं सगळं मी तुला विसरायला लावणार आहे."

"पैसे भरून विसरायला?" वहिनी डोक्याला हात लावून म्हणाल्या. "आणि पहिला आठवडा नुस्तं चालायला लावलं, बाई. ह्या खोलीत चाल, आता हळू चाल, आता कुणीतरी मेलंय असं चाल. चालायला तर मी फुकट शिकवलो होतो की!"

पोरानं आजवर काय काय केलं, त्याचा हिशेब गल्लीला पाठ आहे. आधी कोल्हापुरात एका हौशी ग्रुपमध्ये होता. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना पडदा ओढायचा, खुर्च्या लावायचा, कुणी आजारी पडलं तर भालदाराचं काम करायचा. ती स्पर्धा केशवराव भोसले नाट्यगृहात व्हायची. शाहू महाराजांनी 1915 साली बांधलेलं ते पॅलेस थिएटर 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळलं. पोरगं तेव्हा मुंबईत. रात्री आईला फोन करून नुसतं हुंदके देत होतं. वहिनींना वाटलं, ह्याचंच काहीतरी झालं.

मग एका मालिकेत काम मिळालं. गल्लीतल्या सगळ्यांनी आठ वाजता टीव्ही लावले. इन्स्पेक्टरच्या मागे दोन हवालदार उभे होते, त्यातला डावीकडचा हा. त्याची फक्त पाठ दिसली. पण वहिनींनी पाठ ओळखली आणि दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. वाडीत पेढ्यांना काय तोटा?

आणि आता हा दाढीवाला परत आलाय. आला त्या दिवसापासून गल्लीत कुजबुज. पालखीच्या वेळी सगळे पालखीकडे बघतात, हा लोकांच्या पायांकडे. पेढ्याच्या दुकानासमोर तासभर उभा राहून खोक्याला दोरा कसा बांधतात ते बघतो, घेत काहीच नाही. घाटावर बसून कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडे बघतो, तेही डोळे मिटून. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, तिकडं काही जमलं नाही, तोंड लपवायला आलाय.

"मी म्हटलो त्याला," वहिनी आवाज खाली आणत म्हणाल्या, "डोळे मिटून काय बघतोस? तर म्हणतो, बघत न्हाई, ऐकतोय. होडीचा आवाज येगळा, घाटावर कपडे आपटतात त्याचा येगळा. आता हे कपडे आपटल्याचं ऐकायला मुंबईला जायला लागतंय होय?"

इथं आमच्या ह्यांनी झोपाळ्यावरून पेपर खाली केला. हे साखर कारखान्यातून निवृत्त. सिनेमाचा विषय निघाला की ह्यांच्या अंगात कोल्हापूर येतं.

"वहिनी, पोरगा एकटाच नट, एकटाच डायरेक्टर, एकटाच लाइटवाला म्हणून तुम्ही काळजी करता. पण कोल्हापुरात सिनेमा जन्मला तोच असा. बाबुराव पेंटर मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. कॅमेरा विकत मिळेना तर स्वतः तयार केला. 1920 ला 'सैरंध्री' काढला, त्यात बायकांची कामं बायकांनी केली. सात वर्षं आधी फाळक्यांना तारामतीसाठी पुरुष उभा करावा लागला होता! आणि कीचकवध इतका खरा वाटला की त्याला कात्री लावायला लागली."

"आणि शांताराम?" मी विचारलं. ह्यांना किल्ली दिली की पुढचं आपोआप चालतं.

"शांताराम त्यांच्याच कंपनीत पडेल ते काम करत शिकला. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गेलेला शेतकरी तोच. मग 1929 ला दामले, फत्तेलाल, धायबर ह्यांच्याबरोबर कोल्हापुरातच प्रभात काढली. 1933 ला प्रभात गेली पुण्याला. पुढं ती बंद पडली आणि 1960 पासून त्याच जागेत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट. म्हणजे घर आपलं, शाळाही आपलीच, आणि आपल्याच पोरांना तिथं ॲडमिशन मिळेना."

ह्या शेवटच्या वाक्यावर वहिनींचा चेहरा पडला. पोरानं तिथली परीक्षा दोनदा दिली होती. मी ह्यांच्याकडे असं बघितलं की पेपर परत वर गेला.

"अहो, त्या शाळेत न जाता शिकलेले काय कमी आहेत?" मी सारवासारव केली. "नागराज मंजुळे नगरच्या कॉलेजात शिकत होता, तिथंच त्यानं 'पिस्तुल्या' केला, छोटीशीच फिल्म, तिला राष्ट्रीय पुरस्कार. आणि तो रोहन कानवडे. शिक्षण इंटिरिअर डिझाइनचं, सिनेमा शिकला तो लहान लहान फिल्म करत. त्याचा 'साबर बोंडं' 2025 ला अमेरिकेत सनडान्सला जगातल्या सिनेमांमध्ये पहिला आला. आपल्या कोल्हापूरचा सचिन सूर्यवंशी बघा. लांब कुठं गेलाच नाही. आधी गावातल्या फुटबॉलवर 'सॉकर सिटी' केली, मग मर्दानी खेळावर 'वारसा'. 2024 ला 'वारसा'ला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला."

"आणि भाऊराव कऱ्हाडे!" पेपरामागून आवाज आला. "'ख्वाडा'साठी गड्यानं जमीन विकली!"

वहिनींनी भगदाडातून हात घालून माझं मनगट धरलं. "बाई, हात जोडतो तुम्हाला, हे नाव आमच्या घरात काढू नका. दीड एकरच हाय."

अजून किती वर्षं शिकणार हा, हा त्यांचा खरा प्रश्न होता. मी त्यांना पुलापलीकडच्या कुरुंदवाडची गोष्ट सांगितली. विष्णु दिगंबर पलुसकर 1872 ला तिथं जन्मले. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका उडाला आणि डोळे अधू झाले. उपचाराला मिरजेला नेलं, तिथं बाळकृष्णबुवांकडे गाणं सुरू झालं. बारा वर्षं शिकले. मग 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.

वहिनींनी बोटं मोजली. "म्हंजे अजून सात वर्षं?"

एवढं सगळं मी मोठ्या अधिकारानं बोलत होते. कारण ह्या पोराचा पहिला गुरू कोण? मी. चौथीत असताना स्नेहसंमेलनात मीच त्याला बाजीप्रभू केलं होतं. "छाती पुढं! हात वर! शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू गेलं पाहिजे!" पोरगं असं ओरडलं की बेंबीच्या देठापासून म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. पहिलं बक्षीस मिळालं होतं.

म्हणून तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, माझ्या फिल्ममध्ये तुम्ही काम करा," तेव्हा मी नको नको म्हटलं आणि आत जाऊन लगेच साडी काढली.

गोष्ट त्यानं कुंपणाशी उभं राहूनच सांगितली. दहा मिनिटांची फिल्म. पूर ओसरल्यावर एक आई आणि मुलगा घरी परततात. चिखल काढताना त्यांना एक वाटी सापडते. वाटी शेजारणीची. कधीतरी बासुंदी घालून दिलेली, परत द्यायची राहिलेली. शेजारचं घर पडलंय, शेजारीण लेकीकडे गेलीय. रिकामी वाटी कधी परत करायची नसते, आणि आता घरात घालायला काही नाही. बस, एवढंच.

"दक्षिणद्वाराचा सोहळा घे की त्यात," मी सुचवलं. पाणी चढत चढत उत्तरेकडून मंदिरात शिरतं, पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या पाण्यात स्नानाला लांबून लोक येतात. उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. असं दृश्य आणखी कुठं मिळणार?

"ते सगळे घेतात, बाई. मी दुकानांच्या फळ्या घेतल्यात."

पाणी वाढायला लागलं की देवळाजवळचे दुकानदार फळ्या, काटे, पेढ्याच्या पराती सगळं डोक्यावर घेऊन वर चढवतात. रात्रभर. वर्षानुवर्षं आम्ही ते बघतो आणि बघत नाही. ह्या पोरानं पेढ्याच्या पिशवीत मोबाईल गुंडाळून ते भर पावसात घेतलं होतं. ओल्या पायऱ्यांवर दहा-वीस पायांचा आवाज, मधेच कुणीतरी 'धर रे, धर' म्हणतो, आणि मागं नदी. तेव्हा मला त्या मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ लागला.

आईचं काम वहिनींना, मुलाचं तो स्वतः आणि शेजारीण मी. माझा प्रसंग आधीचा, पुराआधीच्या दिवसांतला. मी भगदाडातून वाटी पुढं करायची आणि म्हणायचं, "गरम हाय, जपून धर." चार शब्द.

सकाळी दहाला सुरू केलं. पहिल्या टेकला मी ते वाक्य अशा आवाजात म्हटलं की पलीकडच्या गल्लीतला कुत्रा उठला. दुसऱ्याला तो म्हणाला, "बाई, हळू." मी हळू म्हटलं, पण हात वर गेला. तिसऱ्याला हात खाली राहिला, तर 'हाय'चं 'आहे' झालं. मग माझी मान कॅमेऱ्याकडे वळायला लागली. सोळाव्या टेकला बासुंदीवर माशी बसली. सतराव्यानंतर पोरगं माझ्याजवळ आलं, खाली उकिडवं बसलं आणि इतक्या हळू बोललं की वहिनींनाही ऐकू गेलं नाही.

"बाई, तुम्ही वर्गाला सांगताय. आईला सांगा."

रोज त्याच भगदाडातून, त्याच बाईला मी काय काय देते, किती बोलते! आणि ते चार शब्द काही केल्या माझ्या तोंडातून तसे येईनात. वाडीतली एक नंबरची बोलकी बाई मी, मला बोलता येईना.

मग वहिनींची पाळी. त्यांनी चिखलात हात घालून वाटी काढायची. "मी काय करू रे?" त्यांनी विचारलं. "काही करू नकोस," पोरगं म्हणालं. वहिनींनी वाटी काढली. पदरानं पुसली. उलटी करून बुडावरचं नाव वाचलं. मग कुंपणाकडे बघितलं, जणू तिथं कुंपण नव्हतंच. 2019 ला हे सगळं त्यांनी खरोखर केलेलं होतं, वाटीच्या जागी तेव्हा आमचा तांब्या होता. एका टेकमध्ये झालं. कॅमेऱ्यामागं कुणी नव्हतंच, मोबाईल तिवईवर होता. कारण पोरगा आईच्या मागं दारात उभा होता, मुलाचं काम करत. नुसता उभा. ना छाती पुढं, ना हात वर. आईला मदत करावी की तिला तेवढं बघू द्यावं, हे त्याला कळत नव्हतं, आणि कळत नाहीये हे मला कुंपणापलीकडून दिसत होतं.

पैसे भरून तो काय विसरून आला, ते तेव्हा समजलं. मी शिकवलेलं.

मग एक दिवस त्यानं लॅपटॉपवर कच्ची फिल्म दाखवली. फळ्या आहेत, पाय आहेत, वहिनी तर अशा आहेत की आमच्या ह्यांनी चष्मा पुसला. माझं वाक्य नाही. माझा चेहरा नाही. मेंदीच्या पानांतून एक हात येतो, हिरव्या बांगड्यांचा, वाटी पुढं करतो आणि जातो. दोन सेकंद.

गल्लीत आता विचारतात, "बाई, तुमचंबी काम हाय म्हणे?"

"आहे की," मी सांगते. "तेवढा हात माझा."

फिल्म दाखवली त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी वाटी परत दिली, कवठाची बर्फी घालून. म्हणाल्या, फिल्म कोल्हापूरच्या महोत्सवाला पाठवायची म्हणतोय, पण हाताचा एक शॉट परत घ्यायचाय, उजेड कमी पडलाय. तोवर बांगड्या काढू नका, कंटिन्युइटी का काय ती, बिघडते.

त्याला तीन आठवडे झाले. भांडी घासताना अडकतात, कणीक मळताना अडकतात. काढलेल्या नाहीत.