नंबर कितवा?

अहो वहिनी, आहात का घरात? हा घ्या कढीपत्ता, काल मागत होतात ना. जपून हं, भिंतीला टेकू नका, परवाच चुना मारलाय आमच्या ह्यांनी.

काल ग्रुपवर काय धुमश्चक्री झाली, बघितलीत की नाही? तुमचा फोन म्हणजे शोभेचा नुसता! अहो, त्या कोपऱ्यावरच्या काकांनी जुन्या चेतक स्कूटरचा फोटो टाकला. निळी गाडी, हँडलला झेंडूचा हार, मागे काकू एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. खाली लिहिलं, काय ते सुखाचे दिवस, तेव्हाच्या वस्तू जन्मभर टिकायच्या. झालं! सगळे लागले अंगठे दाखवायला. तेवढ्यात त्यांचाच शिकागोचा पुतण्या लिहितो, 'टिकायच्या नाहीत, टिकवाव्या लागायच्या. दुसरी मिळत कुठे होती?'

मग काय विचारता. एकाने लिहिलं, चेतक म्हणजे शिवाजी महाराजांचा घोडा. दुसरा म्हणाला, अहो, तो राणा प्रतापांचा. तिसऱ्याने काढलं, गाडी मुळात इटलीची, व्हेस्पा. ते खरंच आहे म्हणा. पण इटलीवाल्यांशी करार १९७१ ला संपला आणि १९७२ पासून आकुर्डीची चेतक निघाली, हे आपल्या गल्लीतल्या भाऊंनी सांगितलं. सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये झालेला माणूस, पत्र्यावर बोलायला लागला की थांबतोय कुठला! हल्लीच्या प्लास्टिकला एक ठोकर पुरे, म्हणाले. मग महागाई निघाली, मग चीन, आणि साडेअकराला कुणीतरी नेहरूंना आणलं. नेहरू आले की मी फोन चार्जिंगला लावते.

पण मला झोप येईना हो. आमच्या ह्यांनी १९७५ साली चेतकसाठी नंबर लावला होता, पोस्टात पैसे भरून. तेव्हा आमचं लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार, जास्त काढायच्या तर दिल्लीची परवानगी. चिंचवडला दोन खोल्यांत राहत होतो आम्ही. आकुर्डीच्या कामगारांच्या बस रोज दारावरून जायच्या आणि आम्ही आपले नऊ वर्षं वाट बघतोय! गाडी आली १९८४ ला, तेव्हा धाकटा बालवाडीत होता. पेढे वाटले आम्ही, वहिनी. बारशाला नव्हते वाटले एवढे. आणि त्याच साली ती कायनेटिक होंडा निघाली, बटण दाबलं की सुरू, गिअरची भानगड नाही. हे रोज सकाळी गाडी तिरकी करून किक मारायचे आणि शेजारचा मुलगा नुसतं बटण दाबून भुर्र. पण ह्यांनी चेतकला कधी नावं ठेवली नाहीत. नऊ वर्षं वाट बघितलेल्या गाडीला कोण नावं ठेवील?

तेव्हा नंबरालाही भाव होता. मुलींचे बाप जावई मिळायच्या आधी नंबर लावून ठेवायचे. काहीजण तर नुसता नंबर 'ऑन'ने विकायचे, गाडी न बघताच पैसे!

आता जरा इकडे या, भिंतीजवळ. हे बाहेर बोलू नका. ते कोपऱ्यावरचे काका आहेत ना, सुखाचे दिवसवाले? त्यांनी एक दिवससुद्धा वाट बघितलेली नाही. डॉलरमध्ये पैसे भरले की गाडी लगेच मिळायची तेव्हा. त्यांच्या थोरल्या भावाने अमेरिकेतून पाठवले होते. म्हणजे कोण? त्याच पुतण्याचा बाप! मी सगळं लिहिलं होतं हो ग्रुपवर, अगदी मुद्देसूद. पाठवणार तेवढ्यात काकूंचा मेसेज आला, 'उद्या हळदीकुंकवाला या.' पुसून टाकलं.

नाही, आमची चेतक विकली नाही अजून. मागे पडवीत आहे, जुन्या चादरीखाली. भंगारवाला दोनदा येऊन गेला, ह्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

आणि ऐका ना, सांगायचं मुख्य राहिलंच. नातीने विजेची चेतक घेतलीय. २०२० ला निघाली ना, तीच. हीसुद्धा पत्र्याचीच आहे, भाऊंना आधी कळवलं. हे पेपर वाचत बसले होते. ती सोफ्यावर लोळत लोळत फोनवर काहीतरी टिचक्या मारत होती. म्हणाली, 'आजोबा, बुकिंग झालं.' ह्यांनी चष्मा काढला, पेपर खाली ठेवला, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, 'नंबर कितवा लागला गं?'

अगं बाई, दूध! थांबा, आलेच.