उपाशी समुद्र

समुद्र घरात आणणं अवघड नाही. मीठ बादलीने विकत मिळतं, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या हिशेबाने विरघळवलं की झाला समुद्र. अवघड आहे ते त्याला उपाशी ठेवणं. प्रवाळ ज्या पाण्यात वाढतात ते इतकं नितळ निळं दिसतं, कारण त्यात कुणाला खायला फारसं काही नसतंच. फॉस्फेट तर लिटरमागे एका मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास. आता असला कडक उपास मराठी घरात कसा पाळला जायचा? आपल्याकडे एकादशी म्हटली की दुप्पट खाशी.

आमच्या चिरंजीवांनी न्यू जर्सीतल्या घराच्या हॉलमध्ये तीनशे लिटरची ही एकादशी मांडून ठेवली आहे. दोन क्लाउनफिश, एक पिवळाधमक टँग, खेकड्या-शिंपल्यांचा लवाजमा आणि दगडांवर चिकटवलेले प्रवाळाचे तुकडे. एकेका तुकड्याची किंमत मला कळली आहे; हिला मी अजून सांगितलेली नाही. आम्ही मूळचे मालवणचे. तिथे किल्ल्याच्या आजूबाजूच्या पाण्यात प्रवाळ आहे, पण तो काढून घरी आणायची सोय नाही. २००१ पासून कठीण प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला. इथे तोच प्रवाळ थर्माकोलच्या खोक्यात बसून कुरिअरने दारात येतो.

यंदा आम्ही पोचलो तेव्हा दगडांवर हिरवी लव माजलेली होती आणि चिरंजीवांचा चेहरा उतरलेला होता. फॉस्फेट वाढलं की शेवाळाची चंगळ होते, आणि प्रवाळाला मात्र आपला चुन्याचा सांगाडा बांधणं जड जातं. चुन्याचे स्फटिक घडत असताना फॉस्फेट मध्येच जाऊन चिकटतं आणि काम अडवतं. शेवाळ खरवडून काढता येतं. फॉस्फेट येतं कुठून, हे सापडेपर्यंत ते पुन्हा उगवत राहतं.

मोजायचं यंत्र अंड्याएवढं आहे. बाटलीत टाकीतलं पाणी घ्यायचं, काच बोटाचा डाग राहणार नाही अशी पुसायची आणि चिमूटभर पावडरीची चांदीच्या रंगाची पुडी फोडायची. ही पुडी ज्याने बनवली त्याने ती स्वतः कधी फोडली नसावी. चिरंजीव कात्रीने तिचं टोक कापतात, कागदाला पन्हाळीसारखी घडी घालतात, टिचक्या मारत बसतात, आणि तरी कोपऱ्यात चार कण अडून राहतातच. मग बाटली हलवायची. पाण्याला निळसर झाक येते. झाक जितकी गडद तितकं पाप मोठं. यंत्रावर तीन मिनिटं उलटी मोजली जातात आणि तेवढ्या वेळात घरात कुणी मिक्सरसुद्धा लावत नाही. आकडा आला ६५. हा नुसत्या फॉस्फरसचा, अब्जात पासष्ट भाग. त्याला तीनने गुणायचं की फॉस्फेट मिळतं, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम. कागदावर बघितलं तर नगण्य. पण समुद्राच्या मानाने वीसपट.

मी बँकेत इन्स्पेक्शन खात्यात होतो. घोटाळा सापडला की शाखेतला प्रत्येक जण पहिलं बोट बाहेरच्याकडे दाखवतो, हे मला पाठ आहे. घरातही तेच झालं. हिचा संशय भांड्यांच्या साबणावर. पण इथे २०१० पासून बऱ्याच राज्यांनी डिशवॉशरच्या साबणातल्या फॉस्फेटवर बंदी घातली आहे, शिवाय टाकीची भांडी साबणाला लागतच नाहीत. सूनबाईंनी नळाकडे बोट दाखवलं, आणि त्यांची माहिती पक्की निघाली. नळाच्या पाण्यात फॉस्फेट असतं, आणि ते चुकून आलेलं नसतं, पालिका मुद्दाम घालते. जुन्या शिशाच्या नळांना आतून त्याचा पातळ थर बसतो आणि शिसं पाण्यात उतरत नाही. मिशिगनमधल्या फ्लिंट गावाने एप्रिल २०१४ मध्ये नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली तेव्हा हे घालायचं राहिलं, आणि पोरांच्या रक्तात शिसं गेलं. इथल्या नेवार्क शहराने २०१९ मध्ये ते घालायला सुरुवात केली. म्हणजे माणसांच्या पोरांना तारणारं तेच प्रवाळाला मारतं. सूनबाई विजयी मुद्रेने उभ्या. पण टाकीत जातं ते आरओचं पाणी, त्यानंतर आणखी एका रेझिनमधून गाळलेलं. ते मोजलं, शून्य आलं. नळ निर्दोष सुटला.

मग टाकीचं पाणी गाळणाऱ्या कोळशाची पाळी. काही ॲक्टिव्हेटेड कार्बन स्वतःच फॉस्फेट सोडतात म्हणे. मूठभर कार्बन शुद्ध पाण्याच्या वाटीत रात्रभर भिजत ठेवला आणि सकाळी पाणी मोजलं. तोही साव.

खरा धागा सापडला तो स्वयंपाकघरात, आणि तोही हिच्या तक्रारीतून. "ही कसली सुंगटं? कढईत टाकली की पोहायलाच लागतात," असं ती फ्रोझन कोळंबीबद्दल म्हणाली. कोळंबी घातली होती मूठभर आणि कढईत पाणी झालं होतं वाटीभर. मी सवयीने पिशवी उलटी करून वाचली. घटक : कोळंबी, पाणी, मीठ, सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट. वजन राहावं, म्हणजे मांसाने पाणी धरून ठेवावं, म्हणून कोळंबी ह्या द्रावणात बुडवतात. खाली बारीक अक्षरांत, प्रॉडक्ट ऑफ इंडिया. अमेरिकेला सगळ्यात जास्त कोळंबी आपणच पुरवतो, त्यातली बरीचशी आंध्रच्या तळ्यांतली. आमच्यासारखीच समुद्र ओलांडून आली होती बिचारी. आणि चिरंजीव हीच कोळंबी बारीक चिरून रोज माशांना घालत होते.

त्या दिवशी घरात सण होता. कोळंबी बंद झाली, त्याऐवजी बिनमसाल्याचे गोठवलेले मायसिस, म्हणजे कोळंबीसारखेच बारीक जीव, आले. तेसुद्धा चहाच्या गाळणीत तीनदा धुऊन.

आकडा मात्र जागचा हलेना. तेव्हा मी कागद-पेन्सिल घेतली. ट्रायपॉलिफॉस्फेट बाजूला ठेवा. नुसत्या सोज्वळ कोळंबीच्या एका ग्रॅम मांसातच सहा मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फेट असतं. ते पेशींत असतं, मांसाचाच भाग असतं, गाळणीत कितीही धुतलं तरी जायचं नाही. टाकीतल्या तीनशे लिटरमध्ये ०.२ च्या हिशेबाने सगळं मिळून ६० मिलिग्रॅम. म्हणजे ज्या आकड्यासाठी घराची झडती घेतली तो अख्खा ऐवज दहा ग्रॅम कोळंबीत मावतो. रोज चार ग्रॅम खाणं पडलं तरी तीन दिवसांत तेवढं आत येतं. खाल्लेलं मासे जातात कुठे घेऊन? हॅम्बुर्गच्या हेन्निग ब्रांटने १६६९ मध्ये सोनं मिळेल म्हणून मूत्र आटवलं आणि त्यातून फॉस्फरस निघाला. टँग हे काम बिनबोभाट दिवसभर करतो.

मग इतकं रोज येत असून आकडा चढत का नव्हता? इथे इन्स्पेक्शनचा अनुभव उपयोगी पडला. यंत्र दाखवतं ती शिल्लक; उलाढाल त्याला दिसत नाही. आलेलं काही शेवाळाने उचललेलं असतं, काही फेस काढणाऱ्या स्किमरच्या वाटीत काळपट मळ होऊन बसतं. दगडांवर लव दाट आणि यंत्रावर शून्य, अशीही खाती असतात. आणि उरलेल्याची गुप्त ठेव असते दगडांत. टाकीतले दगड चुन्याचे. पाण्यात फॉस्फेट जास्त झालं की ते दगडाच्या अंगाला चिकटतं, पाण्यातलं कमी केलं की दगड ते सावकाश परत सोडतो. चिरंजीवांनी लोखंडाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे नळकांड्यात भरून त्यातून पाणी फिरवलं. आकडा खाली आला आणि चार दिवसांत पुन्हा वर चढला. जुनी ठेव मोडत होती. दाणे बदलायचे, वाट बघायची, एवढंच हाती.

हे सगळं मी रीतसर मांडून दाखवलं. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना पटलं. पण खायला कमी घालायचं, हे अमलात कोण आणणार? टँग हा मासा सोंगाडी आहे. माणूस सोफ्यावरून उठला की काचेशी येऊन शेपूट हलवत असा उभा राहतो, जणू गेल्या संक्रांतीपासून पोटात काही गेलेलं नाही. "बघा हो, कसा बघतोय," असं ही म्हणते, आणि चिमटीत काहीतरी असतंच. चिरंजीव ऑफिसला जाताना तिला बजावतात आणि संध्याकाळी आल्या आल्या स्वतः घालतात. नात दुपारी घालते. प्रत्येकाचा हात थोडकाच असतो.

शेवटी दाण्यांचा डोस वाढवण्यात आला, आणि एका रविवारी यंत्रावर खणखणीत शून्य उमटलं. चिरंजीवांनी फोटो काढला. पण पुढच्या आठवड्यात प्रवाळ फिके पडायला लागले. त्यांच्या अंगात राहणारं एकपेशी शेवाळही शेवटी शेवाळच, त्यालाही घासभर फॉस्फेट लागतंच. वाळूवर तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर धरला, तो डायनोफ्लॅजेलेट्सचा. बाकी सगळे उपाशी मेले की ह्यांचं फावतं. आता सल्ला असा आला, की ०.०३ च्या खाली उतरू नका.

काल पार्सल आलं. आत औषधाच्या बाटलीएवढी बाटली, आत पाण्यासारखं पाणी.

"हे काय?" हिने विचारलं.

"फॉस्फेट," चिरंजीव म्हणाले. "टाकीत घालायचंय. रोज थोडं थोडं."

हिने किंमत विचारली. ती ऐकून काही न बोलता फ्रीजर उघडला, तळाशी लपवलेली कोळंबीची पिशवी काढली आणि चिरायला घेतली.