ओटीपी बापाच्या मोबाईलवर

विद्यापीठीय शिक्षणात डिजिटल तंत्रज्ञानाचा पहिला फायदा म्हणजे अंतर मिटते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ गणेशखिंडीत. शिरूर आणि दौंड तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. पूर्वी गुणपत्रिकेतली एक वेलांटी सुधारायला शिरूरचा मुलगा एसटीने आणि दौंडची मुलगी रेल्वेने पुण्याला जाई, तेव्हा खिडकीवरचे साहेब नेमके जेवायला गेलेले असत. आता अर्ज घरबसल्या भरता येतो. जेवायला सर्व्हर जातो.

दुसरा फायदा ज्ञानाचा. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम’ या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात, घोडनदीकाठी बसून ऐकली तरी त्यांचा दर्जा घसरत नाही. ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहामुळे कपाटात धूळ खात पडलेले प्रबंध जगाला खुले झाले. त्यांतले काही कपाटातच बरे होते, हे त्यामुळेच कळले. मग उचलेगिरी पकडणारी सॉफ्टवेअरे आली आणि २०१८ च्या यूजीसी नियमांनी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त केले. चोरीला अशी अधिकृत सूट अन्य कुठल्याही व्यवसायात नाही.

२०२१ पासून विद्यार्थ्याने मिळवलेल्या श्रेयांकांची बँकही आहे. दौंडच्या ऊसपट्ट्यात बँक म्हटले की पीककर्ज आठवते. या बँकेत मात्र कर्ज मिळत नाही, जमा करायचे असते.

तोटे किरकोळ आहेत. खाते उघडताना आधार पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर येतो. तो मोबाईल बापाच्या खिशात, आणि बाप रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देऊन दिवसा झोपलेला. त्याला उठवून आकडा विचारेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मग ‘पुन्हा पाठवा’.

परीक्षेचा धडा करोनाकाळातला, २०२० चा. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला अंतिम वर्षाच्या परीक्षा आवश्यक ठरवल्या आणि ऑक्टोबरात पुणे विद्यापीठात त्या बहुपर्यायी प्रश्नांनी, बहुतेकांच्या ऑनलाइन, झाल्या. लॉग-इन होत नसल्याच्या तक्रारी आल्या. ज्यांचे झाले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी अख्खे कुटुंब परीक्षेला बसले. बहीण पुस्तक धरून, मामा फोनवर, आणि विद्यार्थी रेंजसाठी गच्चीवर. सामूहिक अध्ययनाचा एवढा व्यापक प्रयोग कुठल्याही शैक्षणिक धोरणाला साधलेला नाही.

या सगळ्यात नफा कोणाचा, हे महाविद्यालयाच्या फाटकासमोर दिसते. तिथल्या झेरॉक्सवाल्याने कागदविरहित कारभार सुरू झाल्यापासून दुसरे यंत्र घेतले. कारण ऑनलाइन अर्ज भरून झाला की त्याची प्रिंट काढून, फोटो चिकटवून, सही करून कार्यालयात जमा करायची असते. दोन प्रतींत.