सोय क्रमांक एक

आमच्या इमारतीच्या माहितीपत्रकात सुखसोयींची यादी आहे. पहिली सोय : भूकंपरोधक आरसीसी बांधकाम. दुसरी : ग्रॅनाइटचा ओटा. तिसरी : नामांकित कंपनीचे नळ. मग व्हिडिओ डोअरफोन, मग ज्येष्ठ नागरिकांसाठी कट्टा.

म्हणजे इमारत अंगावर न पडणं ही सोय आहे. जे कायद्यानं द्यायलाच हवं ते ओट्याच्या वर छापून विकायचं, हे डोकं ज्याचं असेल त्याला नमस्कार. ही सोय टू बीएचकेला फुकट आणि वन बीएचकेला जादा पैसे घेऊन द्यावी, हे अजून कुणाला सुचलेलं नाही. मी सुचवलं असं कृपया सांगू नका. पुढे ती मेन्टेनन्समध्येही स्वतंत्र लावता येईल. थकबाकीदारांची सोय बंद. धक्का आला की भरणाऱ्यांच्या भिंती स्थिर, बुडव्यांच्या तेवढ्या हलणार. सेक्रेटरींनी जिन्यात नोटीस लावायची : ‘ज्यांचं कपाट आडवं झालं असेल त्यांनी बाकी भरून उभं करून घ्यावं.’ गणपतीच्या वर्गणीला दार न उघडणारेसुद्धा ही रक्कम आगाऊ भरतील.

परवा रात्री कोयनेकडून मध्यम धक्का आला. कराडात त्याचं अप्रूप नाही. मांडणीवरची भांडी वाजली की ‘पाटणकडं जोरात असणार’ म्हणून कूस बदलायची, ही इथली रीत. ज्यांनी ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची पहाट पाहिली आहे, ते मात्र कूस बदलत नाहीत. ते चपला न घालता खाली जातात. यावेळी त्यांच्यामागून सगळी इमारत उतरली. मोकळ्या जागेत जावं म्हणतात. आमची मोकळी जागा पार्किंग म्हणून विकली गेली आहे. तेव्हा सहा मजल्यांच्या पोटाखाली, गाड्यांच्या मधोमध, आम्ही ‘सुरक्षित’ उभे राहिलो. २००१ च्या गुजरातच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर, अहमदाबादेत ज्या इमारती बसल्या, त्यांतल्या कितीतरी अशाच होत्या : वर भिंती, खाली नुसते खांब. मी हे बोललो नाही. शेजारच्या काकूंची रामरक्षा चालू होती.

सकाळी बिल्डरला फोन केला. भूकंपरोधक म्हणजे नक्की काय केलंय, एवढंच विचारलं.

‘साहेब, पडली का?’

नाही पडली. पण पडल्यावर विचारायला कोण येणार आहे? खांबातल्या उभ्या सळयांना रिंगा बांधतात. त्या रिंगांची टोकं १३५ अंशांत वळवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात घालावीत, असं आयएस १३९२० हे मानक सांगतं. किल्लारीच्या भूकंपानं झोपेतली माणसं गाडली त्याच १९९३ साली ते छापून आलं. बाहेरचा थर निखळला तरी अशी रिंग उघडत नाही, सळया वाकत नाहीत. साइटवर ९० अंशांत मुरडलं की हात लवकर मोकळा होतो, आणि काँक्रीट ओतल्यावर कुणाच्या बापाला दिसत नाही. दिसतो तो नळ. म्हणून नळाची कंपनी छापतात, रिंगेचा कोन छापत नाहीत. आणि आम्हीही असे शहाणे की सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरल्याबरोबर आधी नळ सोडून बघतो!

तुम्ही घर बघत असाल तर एक करा. काँक्रीट ओतायच्या आधी, इमारतीचं डिझाइन करू शकणारा एखादा इंजिनिअर सोबत घेऊन साइटवर जा आणि रिंगांची टोकं बघा. ती आत वळवलेली नसतील, तर तिथं बुकिंग करू नका.