पाठकोरे

पुण्यातल्या प्रत्येक हापिसात एक पाठकोरे असतात. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकावर असतं आणि अकाउंट्सवाल्यांशिवाय ते कुणाला ठाऊक नसतं. एका बाजूने कोरा असलेला कागद टोपलीत दिसला, की यांचा जीव कासावीस होतो. ते तो काढतात, तळहाताने सपाट करतात, पिन नखाने उकलून डबीत टाकतात आणि कागद गठ्ठ्यावर ठेवतात.

टपालाचं पाकीट ते फोडत नाहीत, उकलतात. फूटपट्टीची कड डिंकाच्या सांध्यात सरकवायची, चारही बाजू सोडवायच्या आणि आतली बाजू बाहेर काढून पुन्हा चिकटवायच्या. बँकेची पाकिटं आतून निळ्या नक्षीची असतात. त्यामुळे आमच्याकडे साधा रजेचा अर्जसुद्धा नक्षीदार पाकिटातून जातो.

पाट्या त्यांच्याच. प्रिंटरवर : ‘प्रिंट काढण्यापूर्वी विचार करावा. विचार येत नसल्यास प्रिंटही काढू नये.’ सुक्या टोपलीवर : ‘हा कचरा सुका आहे. त्यात चहा ओतणाऱ्याने तो वाळेपर्यंत येथेच उभे राहावे.’

या चहावर त्यांचा खरा राग. नव्याने लागलेल्या पोराला स्वच्छतागृह कुठे आहे ते नंतर कळतं. आधी कळतं, की १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. “सुकं विकून येतात ते पैसे त्या ताईंचे. रद्दी भिजली की भाव पडला. म्हणजे तुम्ही चहा कुठे ओतलात? त्यांच्या खिशात!” पोरगं घाबरून कप पुढे करतं. “तो तर टाकूच नका. आतून प्लॅस्टिकचा थर असतो, रद्दीत कोण घेणार?” स्वतः ते स्टीलच्या फुलपात्रातून चहा पितात.

२३ जून २०१८ला राज्यात प्लॅस्टिकबंदी लागू झाली, तेव्हा सगळं हापिस हवालदिल. पाठकोरे तेवढे जुन्या चादरीच्या पिशव्या घेऊन हजर. फुकट नव्हे, दहा रुपयांना.

एकदाच घोटाळा झाला. मीटिंगची विषयपत्रिका त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर छापली आणि मागच्या बाजूला निघाली साहेबलोकांच्या पगारवाढीची यादी. इतक्या एकाग्रतेने वाचली गेलेली विषयपत्रिका त्यानंतर झाली नाही. मग कागद कातरायचं यंत्र आलं. त्यातल्या पट्ट्या पाठकोऱ्यांनी आंब्याच्या पेट्यांत भरायला नेल्या.

पाच जूनला हापिसात पर्यावरण दिन झाला. भलामोठा फ्लेक्स, भाषण आणि प्रत्येकाला पाण्याची एक बाटली. पाठकोरे शेवटच्या रांगेत बसून फ्लेक्सची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजत होते. सहा तारखेला तो त्यांच्या गच्चीवर कुंड्यांखाली गेला.

माणूस चिक्कट आहे, यात वाद नाही. पर्यावरण हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. पण आमच्या मजल्यावरची सुकी टोपली खरोखर सुकी असते. फ्लेक्सवाल्या साहेबांच्या मजल्यावरची अजून गळते. तेव्हा तुमच्या हापिसातल्या पाठकोऱ्यांशी हुज्जत घालू नका. एक फुलपात्र आणा आणि तेवढं विसळून ठेवत जा.