मंगळ-गुरू-शनीचे काका

मंगळ, गुरू आणि शनी एकाच वेळी मागे लागलेला माणूस बघायला पत्रिका उघडायची गरज नाही. कुठल्याही डायलिसिस युनिटमध्ये सकाळच्या बॅचला डोकवावं. आठवड्यातून तीन वार, दर वेळी चार तास, खिडकीजवळची खाट अडवून बसलेले एक काका तिथे हमखास सापडतात. ते युनिटचे सीनियर. सिस्टर बदलल्या, टेक्निशियन बदलले, मशीनसुद्धा नवं आलं, काका तेच.

आल्या आल्या वजनकाटा. दोन डायलिसिसच्या मधे अंगात जेवढं पाणी साठतं तेवढं वजन वाढतं, आणि तेच मशीनने काढायचं असतं. त्यामुळे काट्यापुढे थापा चालत नाहीत. काका तरी प्रयत्न सोडत नाहीत. चपला, किल्ल्या, मोबाईल, चष्मा, सगळं सिस्टरच्या टेबलावर. काटा साडेतीन किलो जास्तच दाखवतो.

"काका, काय प्यायलात?"

"कुठे काय! पुतणीचं लग्न होतं. पंगतीत मठ्ठा वाढताना थोडा अंगावर सांडला असेल."

डॉक्टरांनी दिलेला पाण्याचा कोटा दिवसाला जेमतेम लिटरभर. चहा, ताक, आमटी त्यातच. मशीनला मात्र चार तासांत सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी लागतं. "पेशंट मी, आणि पाहुणचार याचा!" असं म्हणत काका मशीनकडे जळफळून बघतात. बर्फाचा एक खडा किती वेळ पुरवायचा, हे मात्र नव्या माणसाला मन लावून शिकवतात.

नव्यांचं ट्रेनिंग त्यांच्याकडेच असतं. हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला ते ऐटीत पुढे करतात. त्यावर बोट ठेवलं की रक्ताची थरथर जाणवते. "मांजर पाळलंय. पण घुरघुर थांबली तर तडक हॉस्पिटल गाठायचं. उद्या बघू म्हणायचं नाही." त्या हाताला बीपीचा पट्टा नको, घट्ट घड्याळ नको, भाजीची जड पिशवी तर नकोच. हे शेवटचं कलम डॉक्टरांनी खरंच सांगितलंय का, याची काकूंनी स्वतः जाऊन खात्री करून घेतली आहे.

काकांना खरा जाच भेटायला येणाऱ्यांचा. प्रत्येकाच्या हातात शहाळं. निकामी किडनीला पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही, रक्तात ते फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि शहाळ्यात ते भरपूर. साडूंना हे सगळं समजावून काका शेवटी म्हणाले, "भाऊसाहेब, शहाळं राहू द्या. इस्टेटीत तुमचं नाव नाही."

तिसऱ्या तासाला कुणाच्या पायात गोळे येतात, कुणाचं बीपी उतरतं. हॉलमध्ये कुणी बोलत नाही. तेव्हा काका डॉक्टर विलेम कोल्फना बोलावतात. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये या गृहस्थाने सॉसेजच्या सेलोफेनच्या नळ्या पिंपाला गुंडाळून डायलिसिसचं मशीन बनवलं. सुरुवातीचे बहुतेक पेशंट दगावले. मग 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली, आणि सांगतात की तिचं पहिलं वाक्य होतं नवऱ्याला घटस्फोट देण्याबद्दल. "रक्त साफ झालं की डोकंही साफ होतं," काका निष्कर्ष काढतात. काकू डबा घेऊन दाराशी आल्या असल्या तर घटस्फोटाचा भाग गळतो.

एखाद्या दिवशी शेजारची खाट रिकामी दिसते. त्या दिवशी काका पेपर उघडतात आणि चार तास एकच पान वाचतात.

पण पुढच्याच आठवड्यात त्या खाटेवर कुणीतरी नवा येतो. घाबरलेला, हातात जाडजूड फाईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणता कागद लागेल, हे काका त्याला टेबलावरच्या माणसाआधी सांगतात. सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं की तो हळूच विचारतो, "काका, हे असं किती दिवस?"

"मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, बघू. तेव्हा माझा मुलगा नववीत होता. परवा त्याच्यासाठी मुलगी बघून आलो. तिथेही चहा अर्धाच कप घेतला, तर तिच्या आईला वाटलं, स्थळ पसंत नाही!"

नवा हसतो. मशीन लगेच ओरडतं. टेक्निशियन धावत येतो.

"हात हलवू नका हो!"

"त्याला काय बोलतोस?" काका म्हणतात. "आणि बाळा, परवा येताना मोबाईल घरून चार्ज करून आण. त्या खाटेजवळचा प्लग गणपतीपासून बंद आहे."