तीच गुहा, पुन्हा एकदा

कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीनं ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा रोल-प्लेइंग गेम नोव्हेंबर २००९ मध्ये आणला, तोही कित्येक वर्षं खपून. त्याचा दुसरा भाग मार्च २०११ मध्ये दुकानात हजर! मधे महिने फक्त सोळा. एवढ्या वेळात आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुरं होत नाही. घाई झाली, आणि ती लपत नाही.

ती सगळ्यात आधी दिसते गुहेत. डाकूंची गुहा, राक्षसी कोळ्यांची गुहा, चोरट्या मालाची गुहा. नावं निरनिराळी, गुहा एकच. कधी ह्या तोंडानं आत शिरायचं, कधी त्या. नको असलेला बोगदा दगडी दार लावून बंद केलेला असतो, पण कोपऱ्यातल्या नकाशावर दारापलीकडचंही सगळं इमानेइतबारे दिसतं. आमची मुलगी मागून जाता जाता म्हणाली, “बाबा, हे तर तू काल संपवलंस ना?”

“ते समुद्रकिनाऱ्यावरचं होतं.”

“आणि हे?”

“हे डोंगरातलं.”

तिनं एकदा स्क्रीनकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि दप्तर भरायला निघून गेली.

मारामारीचीही तीच तऱ्हा. समोरचे दहा लोळवून जरा दम खावा, तर वरून आणखी दहा टपकतात. पहिले दहा मरेपर्यंत हे गच्चीवर काय करत होते, ते कळायला मार्ग नाही. किरकोळ कामं तर विचारूच नका. वाटेत कुणाची तरी हरवलेली वस्तू सापडते. मालक कुठल्या चौकात उभा आहे हे नकाशा परस्पर सांगतो. नेऊन दिली की तो दोन शब्द बोलून पैसे हातावर ठेवतो. एकदा तर एका साध्वीच्या अस्थीसुद्धा अशाच पोचत्या करायच्या होत्या.

एवढं असूनही हा दुसरा भागच मला जास्त जवळचा. पहिल्यात जग वाचवायचं होतं. जग वाचवणं तसं सोपं. त्यात नातेवाईक आडवे येत नाहीत. इथं आपला नायक हॉक (नायिकाही निवडता येते) राक्षसांच्या धाडीतून जीव वाचवून किर्कवॉल शहरात येतो, तो आईच्या माहेरच्या भरवशावर. येऊन बघतो तर गॅमलेन मामानं आजोळचा वाडा जुगारात केव्हाच घालवलेला! मामा खालच्या वस्तीत एका कोंदट खोलीत राहतो आणि वर आपल्यालाच चार शब्द ऐकवतो. शहरात शिरता यावं म्हणून भाच्याला वर्षभर परक्याकडं राबावं लागतं, ती सोयही मामानंच लावलेली. इतका अस्सल मामा परदेशी गेममध्ये मी दुसरा पाहिलेला नाही.

मला तर वाटतं, घाई होती म्हणूनच हे जमलं. अख्खा मुलूख रंगवायला सवड नव्हती, मग एकच शहर घेतलं, तिथंच वर्षं लोटू दिली, आणि लिहायला माणसंच उरली. तीन वर्षांनी परत मामाच्या वस्तीत गेलं तरी भिंतीचा एक पोपडा इकडचा तिकडं झालेला नसतो, हे खरं. माणसं मात्र हललेली असतात.

पहारेकऱ्यांची कॅप्टन अ‍ॅव्हलिन घ्या. ढाल घेऊन कुणाच्याही अंगावर जाईल, पण हाताखालच्या डॉनिकवर आपला जीव जडलाय हे त्याला सांगताना तिची दातखीळ बसते. मग ती आपल्या हाती त्याच्यासाठी तांब्यात उठवलेली झेंडूची फुलं धाडते. त्या बिचाऱ्याला काही उमगत नाही. शेवटी दोघांनी मिळून गस्तीवर जायचं ठरतं. आपण पुढं धावून वाटेतले डाकू कापून काढायचे, जाळ पेटवून रस्ता मोकळा असल्याची खूण द्यायची, म्हणजे मागून ही दोघं निवांत येतील. आपण रक्तबंबाळ होऊन कान द्यावा, तर बाई ‘रात्र कशी छान आहे’ एवढ्यावरच अडकलेली! ड्रॅगन मारतानासुद्धा माझा जीव असा टांगणीला लागला नव्हता.

सोबत्यांशी गोडीगुलाबीनंच राहायला हवं असंही नाही. प्रत्येकाच्या नावापुढं एक पट्टी आहे : एका टोकाला मैत्री, दुसऱ्याला विरोध. मन लावून भांडलात तरी नातं पक्कं होतं. इझाबेला ही खलाशीण ऐन वेळी कायमची निघून जाते, ती तिच्याशी धड पटलंही नाही आणि धड बिनसलंही नाही, तर. ही पट्टी ज्यानं योजली त्यानं पुष्कळ संसार पाहिले असावेत.

शेवट मात्र फसलाय. जादूगारांची बाजू घ्या की त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या सरदारांची, दोन्ही पुढाऱ्यांशी लढावं लागतंच. मग इतका वेळ आमचं मत विचारलं कशाला?

आणि ही सगळी कहाणी सांगतो कोण, तर व्हॅरिक नावाचा बिनदाढीचा बुटका, पट्टीचा थापाड्या. चौकशीला बसलेली कसांड्रा मधेच त्याला दरडावते, तेव्हा आपण आत्ता मोठ्या मर्दुमकीनं जिंकलेली लढाई थाप होती असं कळतं. गुहांचा खुलासा मी त्यातूनच करून घेतलाय. सांगणाराच असा, तो कशाला दर वेळी नवी गुहा आठवत बसेल?

तक्रारी कंपनीच्या कानावर गेल्या. २०१४ च्या तिसऱ्या भागात, ‘इन्क्विझिशन’मध्ये, सुरुवातीलाच हिंटरलँड्स नावाचा मोकळा मुलूख दिला, नजर पोचणार नाही एवढा. खेळाडू तिथं झाडपाला खुडत असे रमले की गोष्ट पुढं न्यायचं भानच राहिलं नाही, आणि ‘अरे, तिथून बाहेर पडा आता’ असं जुनेजाणते नवख्यांना बजावू लागले.